साच्यातला शब्द

"मग तो शब्द लिहू की नको, बाय?"

वेणूबायनं लुगडं वर खोचलं. ती पायांनी विटांचा गारा, कालवलेला चिखल, तुडवत होती.

तीन दिवसांत हा प्रश्न आठव्यांदा विचारून झाला होता. आठही वेळा बाय काही ना काही तुडवत, थापत, चाळत नाही तर चघळत होती.

दीपेश मुकणे अंगणातल्या दगडावर बसून राहिला. माघातलं ऊन पाठीवर छान लागत होतं, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"बाय, तू काहीतरी बोल तरी."

"बोलते की. पाणी आण."

त्यानं हंडाभर पाणी आणून ओतलं. बायनं पाय चालवले. चिखलातून चपक चपक आवाज येत राहिला आणि दीपेशला वाटलं, आपला प्रश्नही तिनं त्या चिखलातच तुडवून टाकला.

वेणूबाय हिलम ही खैरवाडीची कातकरीण. वय विचारलं तर वर्षं सांगायची नाही, "भट्टीवर चाळीस हंगाम," म्हणायची. चाळीस हंगाम तिनं शेठच्या वीटभट्टीवर विटा पाडल्या. साच्याच्या तळाला शेठच्या नावाची तीन अक्षरं उलटी कोरलेली असत, म्हणजे विटेवर ती सुलटी उमटत. दिवसाला हजार विटा. म्हणजे दिवसाला हजार वेळा शेठचं नाव. एवढं लेखन तालुक्यात दुसऱ्या कुणी केलं नसेल, आणि लिहिणारीला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

पुढे पन्नाशीला ती साक्षरतेच्या वर्गाला गेली. पहिल्याच दिवशी तिनं पाटीवर तीन अक्षरं झरझर काढून दाखवली. सगळी उलटी.

त्याचं कारण सरळ होतं. पाडलेली वीट पुढे जायची, साचा मात्र दिवसभर हातात. दर विटेमागे त्याच्या तळाची अक्षरं बोटानं पुसायची, राख भुरभुरायची, मग पुन्हा चिखल. बायला अक्षरं डोळ्यांआधी बोटाला कळली होती, आणि बोटाला ती उलटीच भेटली होती.

वर्गातल्या शिक्षिका हसल्या. बायही हसली. म्हणाली, "माझं बराबर हाय. तुमी पाटी चिखलावर दाबून बगा."

साठीला तिनं स्वतःचे साचे करून घेतले. शेठच्या नावाच्या जागी वाड्यावाड्यांतल्या बायांची नावं. एका विटेवर एक बाई. अशा सातशे विटांची भिंत मुंबईत उभी राहिली. लोकांनी वाकून वाकून नावं वाचली, कुणी डोळे पुसले, आणि तेव्हापासून वेणूबायला कलावंत म्हणतात. खैरवाडीत अजून कुणी म्हणत नाही. तिथं ती खेकड्याचा रस्सा चांगला करते, एवढीच तिची कीर्ती.

दीपेशही कातकरीच. पलीकडच्या वाडीतला, पण चित्रकलेच्या कॉलेजात जाऊन पदवी घेऊन आलेला. वाडीतला पहिलाच. हात चांगला होता, डोकं चांगलं होतं, आणि दोन्ही चांगली आहेत हे त्याला माहीत होतं. बायकडे तो शिकायला आलो असं म्हणत आला होता. खरं म्हणजे शाबासकी घ्यायला आला होता.

मुंबईतल्या एका मोठ्या प्रदर्शनात त्याला अख्खी भिंत मिळाली होती. आठ फूट उंच, वीस फूट लांब. तिच्यावर तो विटा लावणार होता आणि प्रत्येक विटेवर एकच शब्द असणार होता.

चोर.

प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंना शब्द फार आवडला. 'पॉवरफुल' असं त्या फोनवर तीनदा म्हणाल्या.

दीपेशनं सागाच्या फळीचा साचा स्वतः कोरला होता. तळाला दोन ठसठशीत अक्षरं, उठावाची आणि उलटी, कडा सुरीसारख्या. आल्या दिवशी त्यानं तो पिशवीतून काढून बायच्या हातात दिला आणि समजावून सांगायला तोंड उघडलं. बायनं नुसता अंगठा फिरवला.

"चोर," ती म्हणाली.

"उलटं असून तुला लगेच वाचता आलं?"

"मला सुलटंच उशिरा आलं."

मग साचा उन्हाकडे धरून ती म्हणाली, "कोरलंस झकास." दीपेशची छाती फुगली. पण शब्द बरोबर की चूक, ते तिनं सांगितलं नाही. तेव्हापासून आजपर्यंत आठ वेळा सांगितलं नाही.

नमुन्याला म्हणून त्यानं चोवीस विटा पाडल्या होत्या. त्या आता कडेवर उभ्या वाळत होत्या. दोन दिवस बायनं त्या परतल्या, कडा चापून दिल्या, कुत्रं त्यांवरून जाऊ दिलं नाही. अगदी स्वतःच्या असाव्यात अशी काळजी घेतली. त्यामुळे दीपेशचा गोंधळ आणखी वाढला.

गारा तुडवून झाल्यावर बाय पाय धुऊन ओट्यावर बसली. तिनं कमरेची पानसुपारीची चंची सोडली.

"तो फोनमधला मानूस परत दाखव," ती म्हणाली.

दीपेश उत्साहानं उठला. ऑस्ट्रेलियातला चित्रकार होता तो. तिथल्या मूळच्या लोकांतला, म्हणजे तिथला आदिवासीच. जमीन त्यांची, वर येऊन बसले परके. हा चित्रकार कॅनव्हासवर माणसं, झाडं, जनावरं काही काढत नव्हता. नुसती वाक्यं लिहायचा. गोऱ्यांनी त्याच्या लोकांना ज्या नावांनी हाका मारल्या, ती नावं. पुरुषभर उंचीची अक्षरं.

"बघ, बाय. त्यांनी केलेला अपमान त्यांच्याच तोंडावर फेकला. मलाही तेच करायचंय."

बायनं स्क्रीनवरचं चित्र निरखलं. इंग्रजी तिला येत नव्हतं. पण अक्षरं कशी बसलीत, कुठं रंग जाड आहे, कुठं ब्रश थांबला, ते ती बघत होती.

"बेस हाय गडी," ती म्हणाली. "हात रागात हाय, पन डोकं थंड हाय."

"मग?"

"ही शिवी वाचून मान खाली कोन घालतं रं?"

"लोक."

"कोनचे?"

दीपेशनं फोन खिशात टाकला.

त्याला गेल्या वर्षीची गोष्ट आठवली. ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. आता का कोण जाणे, सांगून टाकली.

गेल्या वर्षी त्याचं छोटं प्रदर्शन झालं होतं. एकच मोठा कागद, त्यावर कोळशानं तोच शब्द. आई गावाहून आली होती. नवं लुगडं नेसून, डोक्याला तेल चोपडून. तिला वाचता येत नाही. बराच वेळ ती कागदापुढे कौतुकानं उभी राहिली. मग तिनं विचारलं, "काय लिवलंय रं, बाळा?"

"तू काय सांगितलंस?"

दीपेश जमिनीकडे बघत म्हणाला, "आपल्या वाडीचं नाव लिहिलंय, म्हटलं."

बायनं पानाला चुना लावला.

"तिनं कागदाला हात लावला, बाय... आणि तोच हात कपाळाला लावला."

खैराच्या झाडावर एक पाखरू ओरडत होतं. 

"ती याही वेळी येणार आहे," दीपेश म्हणाला. "वीस फुटांची भिंत. पाचशे विटा. आणि ती विचारणार. म्हणून तुला विचारतोय. पण शब्द सोडवतही नाही. तो मी कुठून तरी शोधून आणलेला नाही. माझाच आहे तो."

हेही खरंच होतं. सहावीत असताना वर्गात कुणाची तरी कंपासपेटी हरवली. बेचाळीस पोरं होती. मास्तरांनी एकच दप्तर उलटं केलं, वर्गातल्या एकुलत्या कातकरी पोराचं. जमिनीवर पडलं काय, तर दोन वह्या, एक उकडलेला कंद आणि आईनं शिवलेली कापडी पिशवी. पेटी दुसऱ्या दिवशी ज्याची त्याच्याच घरी सापडली. कुणी काही बोललं नाही. मास्तरांनी पाढे घ्यायला सुरुवात केली.

तेव्हापासून दीपेशला एक सवय जडली. दुकानातून निघताना, बँकेत शिरताना, कुठंही दारावर माणूस दिसला की तो आपणहून पिशवी उघडून दाखवतो. गेल्या आठवड्यात प्रदर्शनाची जागा बघायला गेला, तेव्हाही दाखवली. रखवालदारानं मागितली नव्हती. त्याच्या मागून चौघं पिशव्या घेऊन तसेच आत गेले.

इथं, बायच्या दारातही, गेले तीन दिवस त्याची पिशवी तोंड उघडून पडली होती. बायनं ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं.

"ऊठ," बाय म्हणाली. "त्या इटा रच."

"सगळ्या?"

"सगळ्या. अक्षर म्होरं."

दीपेशनं एकावर एक सहा थर रचले, चार चार विटांचे. कंबरेपर्यंतसुद्धा आली नाही भिंत. पण ऊन तिरपं पडत होतं, अक्षरांच्या खाचांत सावली बसली आणि चोवीसच्या चोवीस शब्द एकदम उठून दिसले. चोर, चोर, चोर, चोर. दीपेशला बरं वाटलं. काम पक्कं होतं, यात शंकाच नव्हती.

"आता बस तिच्याम्होरं."

"कशाला?"

"तिकडं फोटू काडतील ना तुजा? भिंतीसंगट?"

"काढतील की. पेपरला द्यायला लागतो."

"मंग मी बी काडते. बस."

दीपेश हसला आणि मांडी घालून बसला. बायनं त्याचा फोन दोन्ही हातांत धरला. बटण कुठं दाबायचं ते दोनदा विचारलं, एकदा उलटा धरून स्वतःचंच नाक टिपलं, त्यावर मनापासून हसली. मग एक डोळा बारीक करून तिनं फोटो काढला.

"बग, कसा आलाय."

दीपेशनं फोन घेतला. कोपऱ्यात बायचा मातकट अंगठा आला होता. मधोमध तो. खांदे ताठ, हसू अर्धवट. आणि खांद्यांच्या मागे, दोन्ही दंडांच्या बाजूंना, कमरेशी... चोर, चोर, चोर.

त्यानं फोटो लहान केला, मोठा केला. फोटोतला अंगठा कापून टाकला. काही फरक पडला नाही.

"चांगला आलास की," बाय म्हणाली. "नाक आईवर गेलंय."

दीपेशनं फोन पालथा ठेवला. त्याला रडू आलं नाही, रागही आला नाही. सहावीच्या वर्गातली फरशी मात्र तळव्यांना गार लागल्यासारखी वाटली.

"म्हणजे नको लिहू?" नवव्यांदा. या खेपेला आवाज बारीक होता.

बाय उठली. तिनं दाराशी भरून ठेवलेला दुसरा हंडा उचलला आणि सगळंच्या सगळं पाणी त्या विटांवर ओतलं.

"बाय!"

"कच्च्या हाईत. बस गप."

वाळलेली कच्ची वीट पाणी कशी पिते, हे भट्टीवरच्या माणसाला सांगावं लागत नाही. आधी बुडबुडे आले. मग कडा सुटल्या. मात्रा ढासळल्या, वरच्या थरानं खालच्या थराच्या मांडीवर अंग टाकलं आणि बघता बघता चोवीस विटांचा एक ओला ढीग झाला. तीन दिवसांचं काम. दीपेश मात्र हळहळायचं विसरून बघत राहिला. इतक्या सहज जातो हा शब्द? त्याला वाटलं होतं, आरडाओरडा करावा लागतो.

बायनं ढिगात हात घातला. मूठभर गारा काढून त्याच्या नाकासमोर धरला.

"हितं काय लिवलंय?"

"काही नाही."

"वास घे."

त्यानं घेतला. मातीचा वास होता, भाताच्या तुसाचा होता, थोडा राखेचा. लहानपणी आईच्या पदराला हाच वास यायचा.

"मातीनं कवाच सोडून दिलं बग," बाय म्हणाली. मग तिनं ओट्याच्या कडेला पडलेला साचा ओढून घेतला, पालथा करून झटकला आणि उताणा केला. "ह्याचं काय झालं?"

साचा जसाच्या तसा होता. सागाची फळी, सुरीसारख्या कडा.

"याला काय होणार?" दीपेश म्हणाला.

"तेच म्हन्ते मी."

बायनं सवयीनं अंगठ्यानं अक्षरं पुसली. एक, मग दुसरं. मग उजवा तळवा त्यांवर ठेवला, डावा हात वर ठेवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. चाळीस हंगामांचा भार होता तो. साच्याखालची माती दबली.

बराच वेळ ती तशीच राहिली...

मग तिनं हात उचलून दीपेशपुढे धरला.

भेगाळलेल्या, कातडी पार जाड झालेल्या त्या तळव्यावर दोन अक्षरं खोल उमटली होती. सुलटी. स्वच्छ वाचता येत होती.

"बाय, नको!" दीपेशनं झटकन तिचा हात धरला आणि शर्टाच्या टोकानं पुसू लागला. चिखल निघाला. अक्षरं निघेनात.

"का रं, घाबरलास?"

"तुझ्या हातावर हे..."

"मी काय चोरलं?"

"काही नाही."

"सांग की. काय तरी चोरलं असंल. खेकडं?"

"बाय, काही नाही चोरलंस तू!"

"मंग उमटलं कसं?"

दीपेशनं तिच्याकडे पाहिलं. मग साच्याकडे.

"साचा दाबलास म्हणून."

"बस? येवडंच?"

"...एवढंच."

बायनं हात काढून घेतला नाही. तो दीपेशच्या हातातच होता. दोघं बघत राहिली. हळूहळू खाचांत रक्त परत भरलं, पांढऱ्या रेघा तांबूस झाल्या, मग फिकट झाल्या. आधी मात्रा गेली. मग अक्षरांची पोटं गेली. शेवटी तिच्या हातावर तिच्याच रेषा राहिल्या.

"च्या टाकते," बाय म्हणाली आणि आत गेली.

दीपेश एकटाच बसला होता. त्यानं साचा मांडीवर घेतला. तीन आठवडे तो या फळीवर राबला होता, पण आत्तापर्यंत तिच्याकडे हत्यार म्हणूनच बघत होता. वीट हे काम, साचा हे अवजार. वीट भिंतीवर, साचा पिशवीत. कॉलेजात चार वर्षं काढली आणि ही साधी गोष्ट डोक्यात आली नाही. त्याला स्वतःचंच हसू आलं. चांगलं मोकळं हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

बाय काळा चहा घेऊन आली. गूळ जास्त, चहापत्ती कमी.

"बाय."

"हं."

"भिंत रिकामी ठेवली तर? वीस फूट, पांढरी, काहीच नाही. आणि मधोमध, हाताच्या उंचीवर, नुसता हा साचा. उताणा. कुणी काही सांगणार नाही. बाजूला पाटी नाही. ज्याला वाटेल त्यानं..."

तो थांबला. तळवा पुढे करून त्यानं हवेतच दाबून दाखवला.

"च्या निवतोय," बाय म्हणाली.

त्यानं चहा प्यायला. गोडमिट्ट होता. त्याला तो फार आवडला.

"त्या बाईंना कसं सांगू? त्यांनी पाचशे विटा धरल्यात."

"त्यांना म्हनावं, माती संपली."

दोघंही हसली. ऊन आता अंगणभर पसरलं होतं. ओल्या ढिगावर एक कोंबडी चढली, चार पावलं चालली आणि स्वतःचीच नक्षी उमटवून खाली उतरली. बायनं तिला हाकललं नाही.

जेवायला तांदळाची भाकरी होती आणि खेकडे. दीपेशनं नांग्या फोडून फोडून खाल्ल्या, बोटं चोखली, दुसऱ्यांदा रस्सा मागितला. गेले दोन दिवस तो नुसता घास मोडत होता, हे बायनं बोलून दाखवलं नाही. वाढताना मात्र पळी भरून वाढलं.

दुपारच्या एसटीला अजून वेळ होता. त्या वेळात त्यानं ढिगातलाच गारा पुन्हा मळला आणि बायच्या साध्या, कोऱ्या साच्यात चोवीस विटा पाडून दिल्या. बायच्या ओट्याची एक पायरी खचली होती, तिच्यासाठी. अक्षर नसलेली वीट पाडायला त्याला सुरुवातीला चुकल्यासारखं झालं. दहाव्या विटेला हात बसला. विसाव्या विटेला तो गुणगुणू लागला, लहानपणी भट्टीवर आई जे गुणगुणायची तेच. बाय ओट्यावरून त्याला ठेका देत होती आणि ठेका चुकला की खेकसत होती.

निघायची वेळ झाली. हातपाय धुऊन त्यानं साचा कापडात गुंडाळला, पिशवीत ठेवला. तरी तो घुटमळत राहिला.

"काय राहिलं?" बायनं विचारलं.

"आई येईल."

"येऊ दे की."

"ती विचारेल, काय लिहिलंय?"

बायनं चंचीतली सुपारी दाढेखाली धरली. घाई केली नाही.

"किती हंगाम केलं तिनं भट्टीवर?"

"सव्वीस."

"मंग ती न्हाय इचारायची."

"का?"

"ती आदी वाकून साचा पुसंल."

दीपेशच्या डोळ्यांपुढे ते चित्र उभं राहिलं. पांढरीशुभ्र भिंत, गुळगुळीत फरशी, हातात पेले घेतलेली माणसं, आणि त्यांच्यामधून नव्या लुगड्यातली आई पुढे होऊन पदराच्या टोकानं अक्षरं पुसते आहे, एक, मग दुसरं, नीट, कोपऱ्यांतून. ओळखीची वस्तू सापडल्यासारखी. आता त्याला रडू आलं. बायनं ते येऊ दिलं.

मग त्याच्या लक्षात आलं. या वेळी आईनं विचारलं, तर खरं सांगता येईल. साच्याचं काय, ते तिला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

त्यानं वाकून बायच्या पायांना हात लावला आणि पिशवी पाठीला अडकवली. नेहमीप्रमाणे तोंड उघडंच.

"थांब," बाय म्हणाली.

तिनं त्याला खांद्याला धरून पाठमोरं केलं. पिशवीची चेन शोधली. ती सवय नसल्यानं अडत होती, दोनदा मागे सरकली. बायनं तोंडातल्या तोंडात तिला एक शिवी हासडली आणि चेन शेवटपर्यंत ओढून बंद केली. वर, आतल्या साच्यावर, एक थाप मारली.

"दारावर कुनी म्हनलं, उघड... तं तू नको उघडू."

"मग काय करू?"

"त्याला म्हनावं, तूच घाल हात."